चौथी डिस्क कुणाची

पंचशीला सोनकांबळे नेमकं काय काम करते, हे नांदेडच्या तरोडा नाक्यामागच्या त्या गल्लीत कुणाला नीट सांगता आलं नसतं. बँकेचं काहीतरी कंप्युटरवर बघते, असं शेजारी म्हणत. नवरा आनंदराज धर्माबादजवळच्या शाळेत मास्तर. कुणी विचारलं की "आयटीत आहे" एवढं सांगून तो मोकळा होई. आई भामाबाई लेकीकडेच राहायला होती. ती मात्र ठासून सांगायची, "हैदराबादेत मोठी मशीन हाय, कपाटाएवढी. ती ही हितं बसून चालिवती." आणि खरं म्हणजे भामाबाईचंच उत्तर सगळ्यांत बरोबर होतं.

ती मशीन म्हणजे मेनफ्रेम. एका जुन्या विमा कंपनीचा सगळा कारभार पस्तीस-चाळीस वर्षं अशा यंत्रावर चालत आला होता. मधे यंत्रं बदलली, आतलं काम तेच राहिलं. आता कंपनीने ठरवलं होतं, की या यंत्राचा एक हिस्सा वेगळा काढून त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची आणि नवी कामं तिकडे चालवायची. ते काम पुण्याच्या एका फर्मकडे आलं होतं. पंचशीला त्या फर्ममध्ये बारा वर्षं होती. कोविडात ती नांदेडला आली, आणि मग कुणी परत बोलावलं नाही म्हणून इथूनच काम करत राहिली.

घरच्या कंप्युटरवर लिनक्स बसवणं सोपं, कारण डिस्क एकच असते. मेनफ्रेमला हजारावर डिस्क जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला चार अक्षरांचा पत्ता असतो. त्या पत्त्यात शून्य ते नऊ आकडे येतात, तशी ए ते एफ ही इंग्रजी अक्षरंही येतात. बसवणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायचं, की अमुक पत्त्यांच्या डिस्क घे. यंत्र एकदा विचारतं, नक्की ना? हो म्हटलं की त्या डिस्कवर असेल नसेल ते सगळं पुसून टाकतं. मग तिथे कुणाचं काय होतं, हे विचारायला कुणी उरत नाही.

पंचशीला मूळची उदगीरची. वडील व्यंकटराव रेल्वेत गँगमन होते, आई डाळ मिलमध्ये रोजाने जायची. लातूरला डिप्लोमा, नांदेडला डिग्री आणि मग पुणे, असा तिचा प्रवास. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिच्या हातून एक डिस्क पुसली गेली. 0150 पुसायची होती, तिने 0151 टाइप केलं. चाचणीची यंत्रणा होती म्हणून निभावलं, पण पाच जणांचं तीन आठवड्यांचं काम मातीत गेलं. चूक कुणाची ते कुणाला कळलं नव्हतं. तीच उठून आपल्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, माझ्याकडून झालं."

साहेब म्हणजे विरूपाक्ष. उदगीरकडचेच, घरात कन्नड बोलणारे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "कागदावर पत्ता असतो, तो लिहिणारा माणूस असतो. डिस्कवर काय आहे ते डिस्कच सांगते. तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." एवढं बोलून ते जेवायला गेले. पाच जणांपैकी दोघं तिच्याशी पुढे वर्षभर धड बोलले नाहीत.

विमा कंपनीच्या कामासाठी रविवारची वेळ मिळाली होती, सकाळी नऊ ते दुपारी एक. त्या चार तासांत लिनक्स बसवून द्यायचं. पंचशीलाच्या हाती एक पत्रक होतं, त्यावर चार पत्ते आणि तीन सह्या. बाहेरच्या खोलीत भामाबाई शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. आनंदराज आपल्या लहानग्या लेकीला घेऊन गोदावरीच्या घाटाकडे गेला होता. फोनवर दोघं जण होते. पुण्याहून प्रकल्पाचा मॅनेजर सर्वेश आणि हैदराबादहून डिस्कची व्यवस्था बघणारे मलप्पा.

सव्वानऊला तिने चारही डिस्क यंत्राच्या नव्या हिश्शाला जोडून घेतल्या आणि यादी मागवली. पहिल्या तीन कोऱ्या होत्या. यंत्राने सरळ सांगितलं, फॉरमॅट केलेल्या नाहीत, म्हणजे मजकूर ठेवायला अजून आखलेल्याच नाहीत. चौथी 4A18. तिच्यापुढे तसं लिहून आलं नाही. ती फॉरमॅट केलेली होती आणि तिला नाव होतं, NOM003.

"सर्वेश, चौथी डिस्क कोरी नाही," ती म्हणाली. "तिला लेबल आहे."

"जुनं राहिलेलं असेल. डिस्क वापरातून काढली तरी लेबल राहतं, तुम्हाला माहीतच आहे."

ते खरं होतं. असं शंभरदा घडतं. तिने मलप्पांना विचारलं.

"खाली है मॅडम," मलप्पा म्हणाले. "चार साल से बंद पड़ी है. किसी को दी नहीं."

"बंद आहे म्हणजे रिकामी आहे, असं कुणी बघितलंय का?"

मलप्पांनी यादी परत उघडली. मग म्हणाले, "यादी में खाली लिखा है."

तिने डिस्कच्या सुरुवातीचा भाग उघडला. वहीच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका असावी तशी तिथे आत काय आहे त्याची नोंद असते. चौदा फाइली होत्या. नावं तुटक, आकडे आणि आद्याक्षरं, त्यातून अर्थ काही लागेना. पण डिस्कचा नव्वद टक्के भाग भरलेला होता. मलप्पांनी त्या नावांच्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे का ते शोधलं. पंचवीस मिनिटं गेली. प्रत सापडली नाही.

"हे बघा," सर्वेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तो तसा माणूसही नव्हता. "पत्रकावर तीन सह्या आहेत. त्यात तुमची नाही. काही झालं तर तुमच्यावर येणार नाही. साडेदहा वाजलेत. पुसून फॉरमॅट करून टाका."

"मी करणार नाही," पंचशीला म्हणाली.

"मग मला तसं लिहावं लागेल."

"लिहा."

तिने फोन ठेवला तेव्हा भामाबाई दारात उभी होती. "काय करून राहिलीस? कुणाशी भांडली?"

"भांडले नाही. एक डिस्क आहे, ती कुणाची ते कळत नाही."

"मंग पुसू नको, इचार," भामाबाई म्हणाली आणि शेंगांची पाटी घेऊन आत गेली.

विचारायचं कुणाला, हा खरा प्रश्न होता. दुपारपर्यंत मलप्पांनीच एक नाव शोधून काढलं. रेणुकादास देगलूरकर. कंपनीच्या यंत्रखोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते लातूरला स्थायिक झाले होते. पंचशीलाने फोन लावला. तिकडून एक कोरडा आवाज आला.

"NOM003?" देगलूरकर म्हणाले. "तुम्ही कोण?"

तिने नाव सांगितलं, फर्म सांगितली, काम सांगितलं.

"तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण उद्या कुणीही फोन करील आणि विचारील, कंपनीच्या कोणत्या डिस्कवर काय आहे. मी सांगत बसायचं का? पत्र आणा. समोर या. मग बोलू." आणि फोन बंद झाला.

सर्वेशला तिने हे सांगितलं तेव्हा तो हसला. "रिटायर झालेला माणूस पत्र मागतो?" पंचशीलाला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं. मलप्पांनी कंपनीचं पत्र मिळवायला दोन दिवस घेतले. बुधवारी सकाळी सातच्या एसटीने ती निघाली. लोहा गेलं, अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली, चाकूरला शेजारी एक बाई टोपलीभर बोरं घेऊन बसली. दहा वाजून गेल्यावर ती लातूरच्या स्टँडवर उतरली आणि रिक्षाने औसा रोडला गेली.

दार देगलूरकरांच्या पत्नीने उघडलं. विनीताबाई त्यांचं नाव. "आठच दिवस झाले ऑपरेशनला," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू. स्क्रीन बघायची नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी, तेवढं सांभाळा." देगलूरकर खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी पत्र बायकोकडून वाचून घेतलं, तारखेसकट. मग विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मूळची उदगीरची. आता नांदेडला."

"आडनाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे."

या प्रश्नानंतर एक लहानशी शांतता येते. पंचशीलाला ती लहानपणापासून ओळखीची होती, आणि ती सरेपर्यंत थांबायची तिला सवय झालेली होती. देगलूरकर म्हणाले, "बसा." विनीताबाई चहाला आत गेल्या. मग ते म्हणाले, "फाइलींची नावं वाचा."

तिने चौदा नावं एकेक करून वाचली. ते मान खाली घालून ऐकत होते. सहाव्या नावाला त्यांनी हात वर केला.

"पुरे. कुणी पुसली तर नाही ना?"

"नाही सर. मी थांबवलंय."

देगलूरकरांनी चष्मा काढला, लगेच परत घातला. मग त्यांनी सांगितलं ते असं. शहाण्णव सालाआधीच्या पॉलिसींमध्ये वारस, म्हणजे नॉमिनी, म्हणून कुणाचं नाव लावलंय, ते फक्त कागदावर होतं. ते कागद शाखाशाखांतून मागवून, दोन वर्षं बसून, देगलूरकरांच्या देखरेखीखाली यंत्रात भरले गेले. पुढे तळघरात पाणी शिरलं आणि मूळ कागद गेले. टेपवर दोन प्रती होत्या, पण टेप वाचायचं यंत्रच कंपनीने भंगारात काढलं. राहिल्या या तीन डिस्क, NOM001 ते 003. रोजच्या कामात त्या लागत नसत, आणि चुकून कुणी त्यावर लिहू नये म्हणून देगलूरकरांनीच त्या बंद करून ठेवल्या होत्या.

"नवरा वारला की बाई जुनी पॉलिसी घेऊन येते," ते म्हणाले. "वर्षाला दहा-बारा. तेव्हा मी डिस्क चालू करायचो, नाव बघायचो, परत बंद करायचो."

"आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर?"

"लिहून देऊन आलो होतो मी. सात पानं. म्हणजे चार वर्षांत कुणी बघितलंच नाही. आलेल्यांना काय उत्तर देत असतील?"

तिला ते माहीत नव्हतं. तिने मलप्पांना तिथूनच फोन लावून विचारलं. मलप्पांनी खात्यात विचारून अर्ध्या तासाने सांगितलं, की असे अर्ज आले तर 'नोंद उपलब्ध नाही' असं छापील पत्र जातं. देगलूरकरांनी ते ऐकलं. चहा आला, गार झाला, विनीताबाईंनी तो परत नेऊन गरम करून आणला.

मग त्यांनी ते पत्रक मागितलं, तीन सह्यांचं. स्क्रीन बघायची मनाई होती, कागदाची नव्हती, असं त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. भिंगाखाली धरून त्यांनी चौथा पत्ता बघितला.

"4A18. चूक. माझ्या यादीत रिकाम्या डिस्क 4A19 पासून पुढे होत्या. ही 4A1B असणार. शेवटचं अक्षर बी."

"इथे तर आठ आहे."

"तुम्ही टाइप केलेला कागद बघताय. माझी यादी जुन्या प्रिंटरची, तिची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात बी आणि आठ सारखेच दिसतात. कुणीतरी बसून टाइप केलं असेल." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी असतो तर मीही कदाचित आठच वाचला असता. पण पुढे डिस्क उघडून बघितली असती."

संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. निघताना विनीताबाईंनी तिला डब्यात शेंगदाण्याची चटणी घालून दिली आणि डबा परत आणून द्यायला हवा असंही सांगितलं.

पुढच्या रविवारी नवी वेळ मिळाली. मलप्पांनी 4A18 काढून 4A1B जोडली. तिने ती उघडून बघितली. ती कोरी होती. लिनक्स बसवायला सत्तर मिनिटं लागली. सर्वेशने आठवड्याच्या अहवालात लिहिलं, की काम एका आठवड्याने पुढे गेलं, कारण अभियंत्याने मंजूर पत्रकाप्रमाणे कार्यवाही केली नाही. ते वाक्य खरंच होतं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात पंचशीलाला एक श्रेणी कमी मिळाली. आनंदराज चिडला. "वर तक्रार कर," तो म्हणाला. तिने एक पत्र लिहिलं, झालं ते तारीखवार मांडलं आणि पाठवलं. उत्तर आलं, की श्रेणी बदलता येत नाही.

विमा कंपनीत मात्र हालचाल झाली. तिन्ही NOM डिस्कच्या प्रती काढल्या गेल्या. चार वर्षांत ज्यांना 'नोंद उपलब्ध नाही' असं उत्तर गेलं होतं, असे त्रेचाळीस अर्ज बाहेर काढले. एकोणतीस नावं सापडली. त्यातलं एक निलंग्याकडच्या गुरम्मा नावाच्या बाईंचं होतं. त्यांनी तीन वर्षांत सहा अर्ज केले होते, प्रत्येक वेळी दुसऱ्याकडून लिहून घेऊन. मलप्पांनी हे पंचशीलाला सहज बोलता बोलता सांगितलं. दोन अर्जदार तोवर वारले होते, हेही सांगितलं.

मग कंपनीने फर्मकडे एक काम मागितलं. सगळ्या डिस्क एकेक करून उघडून, कोणत्या पत्त्यावर काय आहे आणि कुणाचं आहे याची नवी यादी करायची. बाराशेच्या वर पत्ते, वर्षभराचं किचकट काम. फर्ममध्ये ते कुणालाच नको होतं. कंपनीच्या पत्रात सोनकांबळे यांनीच ते करावं असं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते तिच्याकडे आलं.

सर्वेशचा फोन आला तेव्हा तो जरा अवघडला होता. "तुम्हाला चालेल ना? यात शिकण्यासारखं फार नाही. करिअरच्या दृष्टीने म्हणतोय मी."

"चालेल," ती म्हणाली. "देगलूरकर सरांना सल्लागार म्हणून घ्यावं लागेल. तेवढं मंजूर करून घ्या."

"ते पत्र मागतील."

"मग द्या."

वर्षभर ती दर दुसऱ्या शनिवारी लातूरला जात राहिली. पहिल्या खेपेला डबा परत केला, तर तो भरूनच परत आला. देगलूरकरांच्या डोळ्याला तोवर आराम पडला होता, पण ते स्क्रीनपेक्षा तिने वाचलेलंच ऐकत. त्यांना पत्ते आठवत नसत, डिस्कची नावं आठवत. नाव ऐकलं की ते साल सांगायचे, कोणत्या कामासाठी घेतली ते सांगायचे, कुणी हट्ट धरून घ्यायला लावली तेही सांगायचे. कधी त्यांचं चुकायचं. तिने डिस्क उघडून दाखवली की ते मान्य करायला दोन-तीन दिवस घ्यायचे आणि मग फोन करून म्हणायचे, "सोनकांबळे बाई, ते तुमचं बरोबर होतं." एकदा त्यांनी विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?" तिने सांगितलं, गँगमन होते, उदगीर ते परळी लाइनवर. देगलूरकर म्हणाले, "त्याच लाइनने मी एकतीस वर्षं हैदराबादला ये-जा केली." तिने पुढचं नाव वाचलं.

भामाबाईला एवढ्या फेऱ्या पटत नसत. "त्याला फोनवर इचारता येत न्हाई का? लई तालेवार हाय का तो?"

"फोनवर सांगत नाहीत ते," पंचशीला म्हणायची.

यादी पुढच्या फेब्रुवारीत पुरी झाली. बाराशे सत्तेचाळीस पत्ते. प्रत्येकासमोर डिस्कचं नाव, आत काय आहे, कुणाचं आहे, कोणी कधी बघितलं. बाराशे छत्तीस जागा भरल्या गेल्या. अकरा डिस्क अशा निघाल्या, की त्यांच्यावर मजकूर आहे, पण तो कशाचा आहे हे देगलूरकरांना सांगता आलं नाही आणि कंपनीत दुसऱ्या कुणालाही सांगता आलं नाही. सर्वेशने सुचवलं, की तिथे 'वापरात नाही' असं लिहावं, यादी नीटनेटकी दिसेल.

पंचशीलाने लिहिलं, 'मालक माहीत नाही. पुसू नये.' त्यातल्या दोन डिस्कचा छडा मागच्या महिन्यात लागला. नऊ अजून तशाच आहेत.